मातीविना फुलणारी आमरी : कोरड्या मुलखात ऑर्किडची अर्धजलीय लागवड

लग्नसराईत वा सत्कार समारंभात मिळणाऱ्या पुष्पगुच्छात आता जांभळ्या-पांढऱ्या ऑर्किडची एखादी दांडी हमखास असते. शहरांतील रोपवाटिकांमधून फुललेल्या ऑर्किडच्या कुंड्याही विकत मिळू लागल्या आहेत. दोन-अडीच महिने न कोमेजणारी फुले पाहून हौसेने कुंडी घरी आणली जाते. पुढची कथा मात्र बहुतेक घरांत सारखीच असते. फुले गळतात, पाने सुरकुततात आणि मे महिना संपेपर्यंत कुंडीत केवळ वाळलेले शेवाळ उरते. ‘आपल्याकडची हवाच या झाडाला मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून विषय संपवला जातो.

हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे काही ऑर्किडचे गाव नव्हे. काळी कसदार जमीन, सोयाबीन, तूर आणि ऊस ही इथली ओळख. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवेतील ओलावा आटतो आणि कूपनलिकांचे पाणी जड होते. सह्याद्रीच्या धुक्यात किंवा सिक्कीमच्या डोंगरउतारावर वाढणाऱ्या वनस्पतीला हे सारे परकेच. तरीही घराच्या आडोशाला, खिडकीपाशी, मोजक्या पाण्यात ऑर्किड जगवण्याची एक पद्धत आहे. तिला ‘सेमी-हायड्रोपोनिक’ म्हणजे अर्धजलीय लागवड म्हणतात. तिचे तत्त्व नीट समजून घेतले, तर रेणापूरसारख्या ठिकाणी ती उपयोगी पडते. तत्त्व न समजता केवळ नक्कल केली, तर मात्र हीच पद्धत रोप अधिक लवकर मारते.

मूळ श्वास घेते

ऑर्किडला मराठीत आमरी असे नाव आहे. महाराष्ट्रात आमरीच्या शंभराहून अधिक जाती आढळतात. फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी १९६६ मध्ये ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथात तत्कालीन मुंबई इलाख्यातील आमरींची सविस्तर नोंद केली. यांतील काही जाती जमिनीत वाढतात, तर अनेक जाती झाडांच्या फांद्यांवर. फांदीवर दिसणाऱ्या या वनस्पतीला अनेकजण बांडगूळ समजतात. ते चूक आहे. बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते. आमरी मात्र केवळ आधार घेते. पाऊस, दव आणि सालीवर साचणारा पालापाचोळा यांवर ती गुजराण करते.

या जीवनशैलीसाठी तिची मुळे खास घडलेली असतात. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे जाड आवरण असते. त्याला ‘व्हेलामेन’ म्हणतात. पाऊस पडताच हे आवरण काही क्षणांत पाणी शोषते आणि नंतर हळूहळू आतल्या जिवंत भागाला पुरवते. कोरडे असताना मूळ चंदेरी दिसते आणि भिजले की आतील हिरवा रंग उमटतो. अशा मुळाला पाण्याइतकीच हवेचीही गरज असते.

कुंडीतील ऑर्किड ‘जास्त पाण्याने कुजले’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात ते बहुधा हवेअभावी गुदमरलेले असते. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट कमी वेगाने तो पाण्यातून पसरतो. शेवाळ किंवा नारळाचा भुसा दाट भिजला की त्यातील हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, मूळ गुदमरते आणि मग बुरशी आपले काम करते. उलट पाणी कमी दिले, तर मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये तेच शेवाळ दोन दिवसांत कडक वाळते. हे दोन टोकांमधले अंतर हाताच्या अंदाजाने सांभाळणे फार अवघड. नेमका हाच अंदाज अर्धजलीय पद्धत आपल्या हातून काढून घेते आणि भांड्याकडे सोपवते.

भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची करामत

मातीविना शेतीचा विचार जुना आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून पाण्यात पिके वाढवण्याचा पुरस्कार केला आणि १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ झाला. भारतात १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कलिम्पाँग परिसरात असे प्रयोग केले आणि ते ‘बंगाल पद्धत’ या नावाने ओळखले गेले. ऑर्किडसाठी मात्र मुळे सतत पाण्यात बुडवून ठेवणे सोयीचे नव्हते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील रे बार्कलो यांनी भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि तळाशी थोडे पाणी साठवणारे भांडे अशी सोपी जोडणी लोकप्रिय केली. तीच आजची अर्धजलीय पद्धत.

यातील मुख्य वस्तू म्हणजे ‘लेका’ किंवा क्ले बॉल्स या नावाने बाजारात मिळणाऱ्या गोळ्या. विशिष्ट प्रकारची माती भट्टीत अतिशय उच्च तापमानाला भाजली की ती पावासारखी फुगते. बाहेरून कडक आणि आतून सच्छिद्र अशी हलकी गोळी तयार होते. या गोळ्या भांड्यात भरल्या की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे, तसे तळाचे पाणी गोळीतून गोळीत वर चढते. त्याच वेळी गोल आकारामुळे दोन गोळ्यांमधील पोकळी मोकळीच राहते आणि तिच्यातून हवा खेळते. मुळाच्या एका अंगाला ओलावा आणि दुसऱ्या अंगाला हवा, ही झाडाच्या फांदीवरची स्थिती भांड्यात निर्माण होते. लेका कुजत नाही, त्यामुळे दर दोन वर्षांनी माध्यम बदलण्याची गरजही राहत नाही.

बांधकामाची काळ्या दगडाची खडी यासाठी चालत नाही, कारण ती पाणी वर चढवत नाही. विटांचे तुकडे पाणी शोषतात, पण त्यांतील क्षारांचे प्रमाण विटेगणिक बदलते. कोळसा नेहमीच्या कुंडीसाठी ठीक असला, तरी या पद्धतीत त्याच्यावर विसंबून चालत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा

रेणापूरजवळ भंडारवाडी येथे रेणा मध्यम प्रकल्प आहे. तरीही या परिसराला पाणीटंचाई नवी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही घटना जिल्ह्यातील कोणीही विसरलेले नाही. अशा ठिकाणी हौसेच्या झाडाला पाणी घालणे योग्य आहे का, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे.

मध्यम आकाराच्या एका भांड्याला भरणे आणि धुणे मिळून आठवड्याला सुमारे एक लिटर पाणी पुरते, असे धरू. दहा भांडी असली, तर आठवड्याला दहा लिटर आणि वर्षाला ५२० लिटर पाणी लागेल. आता दहा फूट लांब व दहा फूट रुंद छताचा विचार करू. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ९३० लिटर पाणी जमते. गळती आणि वाया जाणारा भाग वजा केला, तरी सातशे लिटरच्या वर हाती लागते. म्हणजे जून ते सप्टेंबरमधील मोजक्या दमदार सरींवर दहा ऑर्किडचे वर्ष निघते. नळाच्या वा टँकरच्या पाण्याला हात लावावा लागत नाही. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात छतावरची धूळ असते. त्यानंतरचे पाणी झाकणाच्या, अपारदर्शक पिंपात साठवावे आणि तोंडाला दाट कापड बांधावे.

पावसाच्या पाण्याचा आग्रह केवळ बचतीसाठी नाही. या पद्धतीत पाणी सतत वर चढते आणि वरच्या थरातून वाफ होऊन उडते. पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. कूपनलिकेच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, १००० पीपीएम असेल, तर एका लिटरमागे एक ग्रॅम क्षार भांड्यात येतात. उन्हाळ्यात आठवड्याला अर्धा लिटर पाणी उडाले, तर तीन महिन्यांत एकाच लहान भांड्यात साडेसहा ग्रॅम क्षार साचतात. गोळ्यांवर पांढरा थर दिसू लागतो आणि नव्या मुळांची हिरवी टोके त्याला स्पर्श होताच काळी पडतात. ‘क्ले बॉल्समध्ये लावूनही रोप मेले’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

टीडीएस मोजण्याचे लेखणीसारखे छोटे उपकरण स्वस्तात मिळते. दोनशेच्या आतील पाणी उत्तम समजावे. दोनशे ते चारशेच्या दरम्यानचे पाणी नियमित धुण्याच्या अटीवर चालते. पाचशेच्या वरचे पाणी टाळावे. पावसाचे पाणी संपल्यास आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वापरता येते. त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र मूळ पाण्यापेक्षा अधिक खारे असते. ते फरशी पुसायला वापरावे, ऑर्किडला घालू नये. कूलरच्या टाकीतील पाणीही याच कारणाने वर्ज्य आहे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते आणि ते गाळून वापरता येते.

पाणी उकळल्याने सगळे क्षार जातात, हा समज खरा नाही. उकळल्याने जडपणाचा केवळ एक भाग कमी होतो. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत. पाणी मृदू करणारी काही यंत्रे कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतात, ते तर ऑर्किडला अधिकच अपायकारक.

भांडे तयार करताना

यासाठी महागड्या कुंडीची गरज नाही. अर्धा ते एक लिटरचा श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा पुरेसा आहे. तळापासून अडीच सेंटिमीटर उंचीवर एकाच बाजूला दोन-तीन छिद्रे तापवलेल्या खिळ्याने पाडावीत. तळाला छिद्र पाडू नये. छिद्रांखालचा भाग म्हणजे पाण्याची टाकी. त्यावर चढलेले पाणी छिद्रांतून आपोआप बाहेर पडते, त्यामुळे पाणी जास्त होण्याची भीती राहत नाही. कोरड्या हवेत पाणी फार उंच चढत नाही, म्हणून आपल्याकडे दहा-बारा सेंटिमीटरहून उंच भांडे घेऊ नये. डबा पारदर्शक असेल, तर मुळे आणि पाण्याची पातळी दिसते. मात्र उजेडामुळे आत शेवाळ धरते, म्हणून बाहेरून कागद गुंडाळावा किंवा डबा दुसऱ्या भांड्यात ठेवावा.

नव्या गोळ्या आधी दोन-तीन वेळा खळखळून धुवाव्यात आणि एक-दोन दिवस पाण्यात भिजत घालाव्यात. धुण्याचे पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे, अन्यथा त्यांची भुकटी तळाशी बसून छिद्रे बुजतात. कोरड्या गोळ्यांत रोप लावले, तर त्याच मुळांतील ओलावा शोषून घेतात.

रोप जुन्या कुंडीतून काढल्यावर मुळांभोवतीचे शेवाळ किंवा भुसा बोटांनी अलगद सोडवावा. दाबल्यावर पोकळ लागणारी तपकिरी मुळे कात्रीने कापावीत. कात्री आधी ज्योतीवर धरून निर्जंतुक करावी. जखमा सुकण्यासाठी रोप काही तास सावलीत ठेवावे. मग तळाशी थोड्या गोळ्या घालून, बुंधा गोळ्यांच्या पृष्ठभागाशी समपातळीत येईल अशा रीतीने रोप धरून भोवती गोळ्या भराव्यात. भांडे हलके आपटले की गोळ्या बसतात; दाबू नयेत.

इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. हवेशीर माध्यमात वाढलेली जुनी मुळे सतत ओलसर वातावरणाशी सहसा जुळवून घेत नाहीत. त्यांतील बरीचशी यथावकाश मरतात. नव्या भांड्यात फुटणारी मुळे मात्र सुरुवातीपासून त्या वातावरणासाठीच घडतात. म्हणून बुंध्याशी नव्या मुळांची टोके दिसू लागली की स्थलांतर करावे. फुलांवर असलेले रोप हलवू नये. मराठवाड्यात जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ यासाठी सर्वांत अनुकूल आहे. तेव्हा हवेत ओलावा असतो, उष्णता बेताची असते आणि पिंपात पावसाचे पाणीही असते.

खत थोडे, पण नियमित

लेकामध्ये पोषणद्रव्य नसते, त्यामुळे खत पाण्यातूनच द्यावे लागते. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यांना परिचित असलेली विद्राव्य खते इथेही चालतात. १९:१९:१९ हे खत एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम घातले, तर नत्राचे प्रमाण ९५ पीपीएम होते. वाढीच्या काळात एवढे पुरेसे आहे. थंडीत ते निम्मे करावे. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसते. म्हणून महिन्यातून एखाद्या वेळी कॅल्शियम नायट्रेट आणि दुसऱ्या एखाद्या वेळी मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही अर्धा ग्रॅम प्रतिलिटर या बेताने, स्वतंत्रपणे द्यावे. कॅल्शियम नायट्रेट अन्य खतांच्या घट्ट द्रावणात मिसळले, तर साका तयार होतो आणि दोन्ही वाया जातात. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा.

आठवड्यातून एकदा भांडे वरपर्यंत साध्या स्वच्छ पाण्याने भरून छिद्रांतून वाहू द्यावे, वाकडे करून तळातील पाणीही ओतून टाकावे आणि मग खताचे नवे पाणी भरावे. साचलेले क्षार याच धुण्याने निघून जातात. ‘पाणी आहे, मग घालायचे कशाला’ असा विचार करून हे टाळणे म्हणजे रोपाला हळूहळू मिठात ठेवणे होय. बशीत साचलेले पाणीही याच दिवशी फेकावे. डेंग्यूचा डास अशा साठ्यातच वाढतो, आणि घराघरांत पाळावयाचा आठवड्याचा कोरडा दिवस यानिमित्ताने आपोआप पाळला जातो.

ऋतुमानाप्रमाणे काळजी

उन्हाळा (मार्च ते मध्य जून) : रोप पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवावे. दुपारचे ऊन पानांवर अजिबात पडू देऊ नये. तळातील पाणी दर तीन-चार दिवसांनी तपासावे. वरचा थर लवकर वाळतो, म्हणून सकाळी त्यावर स्वच्छ पाणी शिंपडावे. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी कापडाने टिपून घ्यावे, नाहीतर गाभा कुजतो. भांड्यातून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे मुळे थोडी थंड राहतात, हा या पद्धतीचा उन्हाळ्यातील फायदा.

पावसाळा (मध्य जून ते सप्टेंबर) : हा वाढीचा काळ. खत नियमित द्यावे. भांडे उघड्यावर ठेवल्यास सततच्या पावसाने खत वाहून जाते, हे ध्यानात ठेवावे.

हिवाळा (ऑक्टोबर ते फेब्रुवारी) : उन्हाळ्यात उपकारक ठरणारा गारवा आता अपायकारक ठरतो. रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या खाली गेले, तर ओले भांडे त्याहून थंड होते आणि मुळे मंदावतात. रोप रात्री घरात घ्यावे आणि पाणी सकाळी, कोमट हवेत द्यावे. याच ऋतूचा एक मोठा लाभही आहे. फॅलेनॉप्सिस या सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या ऑर्किडला फुलांची दांडी काढण्यासाठी काही आठवडे पंचवीस अंशांच्या आतले तापमान लागते. किनारपट्टीवरील दमट शहरांत ते सहज मिळत नाही. लातूर-रेणापूरच्या डिसेंबरात ते घरबसल्या मिळते. मार्चअखेरीस फुले संपली की दांडी कापावी, म्हणजे रोपाची शक्ती उन्हाळा सोसण्यासाठी राखली जाते.

कोणती जात निवडावी?

नवशिक्यांनी फॅलेनॉप्सिसपासून सुरुवात करावी. त्याची जाड पाने पाणी साठवतात आणि पानांवरील रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी कमी खर्च होते. उष्णता सोसणारे सदाहरित डेंड्रोबियम आणि ऑन्सिडियमही या पद्धतीला सरावतात. हिवाळ्यात पाने गाळून कोरडी विश्रांती घेणाऱ्या डेंड्रोबियमला मात्र सततचा ओलावा बाधतो. व्हँडाची लांब, मोकळी मुळे टोपलीत लोंबकळतच बरी राहतात. ज्या रोपाची सगळी मुळे गेली आहेत, ते ऐन मे महिन्यात या पद्धतीने वाचेल अशी अपेक्षा ठेवू नये.

एक पथ्य सर्वांनीच पाळायला हवे. सहलीहून परतताना झाडावरची आमरी उपटून आणण्याची सवय अजूनही सुटलेली नाही. जंगलातील आमरीचे बी धुळीइतके बारीक असते. त्यात अन्नसाठा नसल्यामुळे विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. लाखो बियांतून एखादे रोप उभे राहते आणि फुलायला कित्येक वर्षे घेते. निळा व्हँडा आणि ‘लेडीज स्लिपर’ यांसारख्या जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीविना, साखरयुक्त माध्यमात बी रुजवून दाखवले आणि जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये ऊतिसंवर्धनाचा मार्ग खुला केला. त्यामुळे आज प्रयोगशाळेत वाढवलेली निरोगी रोपे सहज मिळतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र १९९६ पासून सिक्कीममधील पाकयोंग येथे कार्यरत आहे. रानातून ओरबाडून आणण्याचे काही कारण उरलेले नाही.

अर्धजलीय पद्धत म्हणजे जादू नव्हे. ती पाणी घालण्याचे कष्ट कमी करते, पण पाणी ओळखण्याची जबाबदारी वाढवते. कोणते पाणी आले, त्यात काय विरघळले आहे, किती उडाले आणि मागे काय उरले, याचा हिशेब ठेवणाऱ्याच्याच घरी ही आमरी फुलते. पाण्याची किंमत पुरती जाणणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला हा हिशेब जड जाण्याचे कारण नाही. यंदाच्या पावसाळ्यात छताखाली एक पिंप ठेवावे आणि एकाच रोपाने सुरुवात करावी. त्या रोपाने पुढचा मे महिना निभावून नेला, की दुसरे आणावे.